मोजायचे ते काम, माणूस नव्हे

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदी ओलांडली की खंडाळा तालुका लागतो. शिरवळ, केसुर्डी, लोणंद हा सगळा आता कारखान्यांचा पट्टा झाला आहे. एशियन पेंट्सचा खंडाळ्याचा कारखाना 2013 मध्ये सुरू झाला तोच वर्षाला 3 लाख किलोलिटर रंग बनवण्याची क्षमता घेऊन. कोणत्याही धड चाललेल्या कारखान्यात प्रत्येक पाळीचे उत्पादन, रिजेक्शन आणि मशीन बंद राहिल्याची मिनिटे रोज लिहिली जातात. हा माल बाहेर पडतो तो मात्र सॉफ्टवेअरच्या भरवशावर. बॅचची नोंद, चलन, गेटपास, ई-इन्व्हॉइस यांपैकी काहीही अडले की ट्रक गेटवर उभा राहतो. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारून पाहा: एखादी छोटी सुधारणा मागितल्यापासून ती प्रत्यक्ष चालू होईपर्यंत तुमच्याकडे साधारण किती दिवस लागतात? बहुतेक ठिकाणी उत्तर अंदाजाने येते. मालक म्हणतो आठवडा, क्लायंट म्हणतो महिना, आणि दोघांकडेही नोंद नसते.

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथे पाच ते पन्नास माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्या चालवणारे मालक, त्यांचे टीम लीड आणि कारखान्यांच्या आयटी विभागांचे प्रमुख यांच्यासाठी हा लेख आहे. सॉफ्टवेअर बनवण्याची प्रक्रिया मोजता येते आणि मोजल्यावर सुधारता येते. मात्र त्यासाठी मोजमाप कामाच्या प्रवाहाचे हवे. ते माणसाचे करू लागलात तर प्रक्रिया सुधारणार नाहीच, हाती येणारे आकडेही खोटे असतील.

ही विद्या आपल्याला नवी नाही

उत्पादनातला चढउतार आकड्यांत पकडण्याची रीत वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये अमेरिकेत मांडली. कोणत्याही प्रक्रियेत थोडाफार चढउतार असतोच. तो प्रक्रियेच्या अंगचाच आहे की बाहेरच्या एखाद्या खास कारणाने आला आहे हे आधी ओळखा, मगच हात घाला, हे त्यांचे म्हणणे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने हेच शूहार्ट 1947-48 मध्ये भारतात आले आणि इथल्या उद्योजकांशी बोलले. कारखान्यांतून हा विचार सॉफ्टवेअरमध्ये नेणाऱ्यांत वॉट्स हम्फ्री यांचे नाव मोठे आहे. आयबीएममधून निवृत्त झाल्यावर ते पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. त्यांच्या कामातून 1991 मध्ये ‘कपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल’, म्हणजे सीएमएम, आकाराला आले. त्यात पाच पातळ्या होत्या. पहिल्या पातळीवर सगळे काम व्यक्तीच्या कर्तबगारीवर चालते आणि पाचव्या पातळीवर संस्था स्वतःच्या आकड्यांवरून सतत शिकत राहते.

भारतीय कंपन्यांनी हे मॉडेल जगात सर्वांत उत्साहाने उचलले. पुण्यात त्यासाठी भूमी तयार होती. टाटांचे संशोधन केंद्र टीआरडीडीसी तिथे 1981 मध्येच उभे राहिले होते आणि इन्फोसिसची सुरुवातही त्याच वर्षी पुण्यातच झाली होती. पुढे मात्र एक गफलत झाली. पाचवी पातळी ही परदेशी कंत्राटांच्या स्पर्धेत दाखवायची पात्रता बनली. ज्या कंपन्यांनी ती मनापासून राबवली त्यांना फायदा झाला. अनेक ठिकाणी मात्र तपासणीच्या आधी फायली भरायच्या आणि तपासनीस गेला की विसरायच्या, असा पायंडा पडला. त्यामुळे आज लहान कंपनीच्या मालकाला ‘प्रोसेस’ म्हटले की कागद आणि खर्चच आठवतो. प्रमाणपत्र बाजूला ठेवले तरी मूळ प्रश्न उरतोच: आपले काम कुठे अडते हे आपल्याला कळते का?

काय मोजू नये

मोजायला सुरुवात करणारा मालक बहुधा सोप्या वाटेने जातो. कोणत्या डेव्हलपरने किती ओळी कोड लिहिला, किती तिकिटे बंद केली, कोणाच्या कामात किती बग निघाले, कोण किती वाजता घरी गेला, हे सगळे सहज मोजता येते. त्याचा तक्ता बनतो आणि तो अप्रेझलला जोडला जातो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल जे निरीक्षण मांडले, ते इथे तंतोतंत लागू पडते: एखाद्या आकड्याला उद्दिष्ट बनवून त्यावर दाब टाकला की तो आकडा वस्तुस्थिती सांगेनासा होतो. ओळी मोजल्या तर कोड लांबट होतो. तिकिटे मोजली तर एका कामाची चार तिकिटे होतात आणि अवघड तिकिटाला कोणी हात लावत नाही. बग मोजले तर टेस्टर आणि डेव्हलपर यांच्यात ‘हा बग की नवी मागणी’ यावर रोजची हुज्जत सुरू होते. सर्वांत मोठे नुकसान तर तक्त्यात दिसतच नाही. शेजारी अडलेल्या नव्या मुलाला अर्धा तास देणारा जाणता डेव्हलपर या हिशेबात मागे पडतो. मग तो तसे करणे सोडून देतो.

माणूस मोजण्यात आणखी एक चूक आहे. सॉफ्टवेअरमधले मोठे बिघाड बहुतेक वेळा एका माणसाच्या निष्काळजीपणाने होत नाहीत. ज्या रचनेत तो काम करतो त्या रचनेतल्या फटीमुळे होतात. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी बडी कंपनी. 1 ऑगस्ट 2012 च्या बाजारासाठी तिने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. सात सर्व्हरवर तो चढला, आठव्यावर राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर अनेक वर्षे न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता. बाजार उघडताच तो जागा झाला आणि नको असलेल्या ऑर्डरी सोडू लागला. सुमारे 45 मिनिटांत कंपनीचे 44 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेतून चूक असल्याची सूचना देणारे 97 ईमेल निघाले होते, पण ते वाचून कृती करण्याची जबाबदारी कोणाकडेच दिलेली नव्हती. नवा कोड आठही ठिकाणी पोहोचला का हे दुसऱ्याने तपासावे, असा लेखी नियमही नव्हता. अशा वेळी त्या तंत्रज्ञाची वर्षभराची तिकिटे मोजून काय हाती लागले असते? दुसऱ्या माणसाने पाच मिनिटे तपासणी करण्याचा नियम मात्र कंपनी वाचवू शकला असता.

चार आकडे पुरेत

मग मोजायचे काय? निकोल फोर्सग्रेन, जेझ हम्बल आणि जीन किम यांनी अनेक वर्षे हजारो लोकांकडून माहिती घेऊन याचा अभ्यास केला आणि 2018 मध्ये ‘अ‍ॅक्सिलरेट’ या पुस्तकात तो मांडला. त्यांनी चार मापे पुढे ठेवली. तुम्ही बदल किती वेळा प्रत्यक्ष चालू करता? एक बदल चालू व्हायला किती वेळ लागतो? चालू केलेल्या बदलांपैकी किती बिघडतात? आणि बिघडल्यावर सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो? पहिली दोन मापे वेगाची आणि पुढची दोन भरवशाची. चारही मापे संपूर्ण टीमची आहेत, एकाही माणसाची नाहीत. मूळ व्याख्येत दुसरे माप कोड जमा झाल्यापासून मोजतात. लहान कंपनीने ते मागणी आल्या दिवसापासून मोजावे, कारण क्लायंटची वाट पाहणे तिथूनच सुरू होते.

इथे अनुभवी माणसाचा आक्षेप ठरलेला असतो: वेग वाढवला की दर्जा घसरणारच. हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण त्याच अभ्यासाने तो खोडून काढला आहे. ज्या टीम वारंवार बदल चालू करतात त्यांच्याकडे बिघाडाचे प्रमाणही कमी आढळले आणि दुरुस्तीही लवकर झालेली आढळली. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तीन महिन्यांचे चाळीस बदल एकदम चढवले आणि काही बिघडले, तर कोणत्या बदलाने बिघडले हे शोधण्यातच रात्र जाते. दोनच बदल चढवले असतील तर दोष तासाभरात सापडतो आणि मागेही घेता येतो. घाई आणि वेग यांत फरक आहे. घाईत तपासणी गाळली जाते. वेग येतो तो कामाचे तुकडे लहान केल्याने आणि तपासणी रोजची केल्याने.

या चारांपैकी कोणता आकडा आधी धरायचा, हे तुमच्या क्लायंटवर ठरते. सॉफ्टवेअर संशोधक व्हिक्टर बॅसिली यांनी यासाठी एक शिस्त घालून दिली आहे: आधी उद्दिष्ट, मग प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी माप. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे सॉफ्टवेअर सांभाळत असाल, तर गळीत हंगामात नवी सुविधा किती लवकर दिली याला महत्त्व नाही. काटा बंद पडला की बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि तोडलेल्या उसाचे वजन उन्हात घटत जाते. तिथे पूर्ववत होण्याचा वेळ हेच मुख्य माप, तेही मिनिटांत. हंगामात अत्यावश्यक दुरुस्तीखेरीज हात लावायचा नाही आणि नवे बदल हंगामाआधी संपवायचे, हा नियम त्यातूनच निघतो. याउलट शिरवळच्या कारखान्यांची बिलिंग यंत्रणा तुमच्याकडे असेल तर तारीख सरकार ठरवते. ई-इन्व्हॉइसची सक्ती 1 ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपर्यंत उतरली. अशी तारीख पुढे ढकलता येत नाही. तिथे मागणीपासून चालू होईपर्यंतचा वेळ आपल्याला पक्का माहीत असलाच पाहिजे.

एका कामाचा माग

एक काल्पनिक उदाहरण तारखांसह पाहू. समजा, एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागाने 3 तारखेला मागणी केली: चलनावर बॅच नंबर छापून हवा. काम 10 तारखेला हातात घेतले गेले. 11 ला कोड लिहून झाला. सहकाऱ्याची तपासणी आणि घरचे टेस्टिंग होऊन तो 20 ला क्लायंटकडे चाचणीला गेला. 27 ला मंजुरी आली आणि 29 ला बदल चालू झाला. म्हणजे एकूण 26 दिवस. त्यांपैकी कोड लिहिण्यात गेला एक. पहिले 7 दिवस मागणी नुसती पडून होती. 9 दिवस तपासणी आणि टेस्टिंगमध्ये गेले. त्यातही बराच काळ तपासणारा माणूस मोकळा होण्याची वाट पाहण्यात गेला असणार. 7 दिवस क्लायंटकडे आणि 2 दिवस ‘शुक्रवारी नको, रविवारी चढवू’ यात.

या तारखा समोर नसतील तर मालक काय म्हणेल? ‘पोरं हळू काम करतात, आणखी एक डेव्हलपर घ्या.’ नवा डेव्हलपर आला तरी तो फार तर त्या एका दिवसाचा अर्धा दिवस करेल. वर तपासणाऱ्यापुढची रांग मात्र वाढेल. फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच सांगून ठेवले होते की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी लांबतो. खंबाटकी घाटात सुट्टीच्या दिवशी चढावर कंटेनर अडकले की मागून आणखी गाड्या सोडून कोणी लवकर पोहोचत नाही. तसेच इथेही आहे. पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेल्या जॉन लिटल यांनी 1961 मध्ये याचा गणिती नियम सिद्ध केला. हातात असलेल्या कामांची सरासरी संख्या भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामे, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. टीमकडे 24 कामे उघडी असतील आणि आठवड्याला 4 संपत असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी 6 आठवडे लागणार. उघडी कामे 12 वर आणली आणि संपण्याचा दर तोच राहिला, तर 3 आठवडे. माणूस वाढवलेला नाही, जादा तास बसवलेले नाहीत. फक्त एका वेळी कमी कामे हातात घेतली.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

‘आमच्याकडे माणसेच सहा, हे थाट मोठ्या कंपन्यांचे’ हा पहिला आक्षेप. खरे तर लहान टीमला मोजमाप सोपे जाते, कारण सगळी कामे एका पानावर मावतात. स्वतः हम्फ्री यांनाही ही अडचण दिसली होती. म्हणून सीएमएमनंतर त्यांनी एकट्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या कामाची नोंद कशी ठेवावी याची पद्धत तयार केली आणि 1995 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यातली नोंद ज्याची त्याच्याजवळ राहावी, साहेबाच्या टेबलावर जाऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सॉफ्टवेअर हे बुद्धीचे काम, ते रंगाच्या डब्यांसारखे मोजता येत नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. जे मोजता येत नाही त्यावर नियंत्रण ठेवता येत नाही, हे वाक्य टॉम डिमार्को यांनी 1982 मध्ये लिहिले आणि सॉफ्टवेअरच्या जगात ते मंत्रासारखे म्हटले गेले. त्याच डिमार्कोंनी 2009 मध्ये आपले जुने मत पुन्हा तपासले. ज्या प्रकल्पात काटेकोर नियंत्रणाला फार महत्त्व असते, त्यातून मिळणारे मोलच बहुधा बेताचे असते, असे त्यांनी मांडले. ही कबुली मोजमापाच्या विरोधात जात नाही. ती मोजमापाची मर्यादा आखून देते. एखाद्या कल्पनेचे मोल किती, डिझाइन किती नेटके, हे आकड्यात बसणार नाही. तिथे जाणत्या माणसाचा निर्णयच लागतो. पण तयार झालेला कोड त्या नऊ दिवसांतला बराच काळ तपासणीविना पडून राहिला यात बुद्धीचे काही काम नाही. ती वाट पाहणे आहे आणि वाट पाहिलेला वेळ नक्की मोजता येतो. तो कमी झाला की बुद्धीच्या कामाला अधिक निवांतपणा मिळतो.

तिसरा आक्षेप असा की उशीर क्लायंटच करतो, मग आम्ही मोजून काय उपयोग? उपयोग त्याच ठिकाणी सर्वांत जास्त आहे. तीन महिन्यांच्या नोंदीवरून ‘आमच्याकडून काम इतक्या दिवसांत येते आणि तुमच्याकडे मंजुरीला इतके दिवस थांबते’ असे तारखांसह दाखवता आले, तर भांडणाची जागा बोलणे घेते. मंजुरी देणारा एकच माणूस ठरवणे किंवा चाचणीसाठी आठवड्यातला ठरावीक वार राखून ठेवणे, असे उपाय त्यातून निघतात आणि ते क्लायंटलाही पटतात.

सुरुवात कशी करावी

कोणतेही महागडे टूल घेऊ नका. एक्सेलची एक शीट पुरेल. प्रत्येक कामाची एक ओळ आणि तीत सहा तारखा: मागणी आली, काम हाती घेतले, कोड लिहून झाला, क्लायंटकडे चाचणीला गेला, मंजुरी मिळाली, प्रत्यक्ष चालू झाला. शेवटी आणखी दोन रकाने ठेवा: चालू केल्यावर बिघडले का, आणि बिघडले असेल तर पूर्ववत व्हायला किती वेळ लागला. डेव्हलपरच्या नावाचा रकाना मुद्दाम ठेवू नका. ‘झाले’ म्हणजे नेमके काय, हे टीमने एकत्र बसून ठरवावे. कोड लिहून झाला म्हणजे झाले असे एकाने आणि चालू झाला म्हणजे झाले असे दुसऱ्याने धरले, तर शीट निरुपयोगी ठरते.

पहिले दोन महिने फक्त नोंद करा, काही बदलू नका. एका आठवड्याचा आकडा वर गेला म्हणून टीमला जाब विचारू नका. दिवाळीचा आठवडा किंवा मार्चअखेर यांसारखे खास कारण असेल तर त्याची शेजारी नोंद करा आणि पुढे जा. साधारण वीस कामे जमली की एकूण दिवस लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा. मधल्या आकड्यावरून तुमचा नेहमीचा वेग कळतो. क्लायंटला तारीख देताना मात्र सतरावा आकडा धरा. तुमची वीसपैकी सतरा कामे तितक्या दिवसांत झालेली आहेत, म्हणून दिलेला शब्द बहुतेक वेळा पाळला जाईल. नुसती सरासरी धरून तारीख दिली तर ती वारंवार चुकेल.

मग सर्वांत लांब थांबा कोणता ते पाहा आणि तेवढ्यावरच एक उपाय करा. तपासणीत काम तुंबत असेल तर रोज सकाळचा पहिला तास सगळ्यांनी एकमेकांचा कोड तपासण्यासाठी राखून ठेवावा. मागण्या पडून राहत असतील तर एका माणसाकडे एका वेळी दोनांपेक्षा जास्त कामे नसावीत. चढवताना चुका होत असतील तर चढवण्याच्या पायऱ्या कागदावर लिहाव्यात आणि दुसऱ्या माणसाने त्या वाचत तपासाव्यात. एकदम पाच उपाय केले तर कोणता लागू पडला हे कधीच कळणार नाही. महिनाभराने आकडे पुन्हा पाहा. फरक पडला तर उपाय कायम करा, नाही पडला तर सोडून द्या. त्यात कोणाचा अपमान नाही. प्रश्न सुटला की त्याचे मापही बंद करा आणि पुढचा प्रश्न घ्या.

हे सगळे एका अटीवर चालते आणि ती अट मालकानेच पाळायची आहे. शीट सुरू करण्याआधी टीमसमोर स्पष्ट सांगा की या आकड्यांचा पगारवाढीशी आणि अप्रेझलशी काहीही संबंध राहणार नाही. मग तो शब्द पाळा, विशेषतः पहिला वाईट आकडा समोर येईल तेव्हा. वाईट आकडा खरा लिहिणाऱ्याला त्या दिवशी बोलणी बसली, तर दुसऱ्या दिवसापासून सगळे आकडे छान येतील आणि काम होते तिथेच राहील. ती बोलणी बसली नाहीत, तर काम कुठे अडते हे टीम स्वतःहून दाखवू लागेल. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारी हुशार मुले पुण्याची वाट धरतात ती पगारासाठी, तशीच शिकायला मिळते म्हणूनही. आपल्या कामाकडे मोकळेपणाने पाहून ते दर महिन्याला थोडे सुधारणारी कंपनी साताऱ्यात किंवा सांगलीत असली, तर शिकण्याची सोय तिथेही होते.